सावडीचा बैल

मल्हारीचा उजवा पाय हलतो. जेवताना, पेपर वाचताना, कुणाच्या दहाव्याला बसलेला असतानासुद्धा. लग्नानंतर आम्ही सत्यनारायणाला बसलो तेव्हा चौरंगावरचा कलश डुलायला लागला आणि गुरुजींनी पोथी थांबवून विचारलं, "भूकंप होतोय का काय?" तेव्हापासून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून तो पाय दाबायचं काम माझ्याकडे आहे. समोर मी त्याला 'अहो' म्हणते, पण लिहिताना 'तो'च लिहिणार. त्याने वाचलं तर वाचू दे.

हा माणूस घोटीजवळच्या एका भाताच्या गावातला. माझे सासरे पुंजा यांच्याकडे एकच बैल होता आणि शेजारच्या धोंडीरामकडे एक. दोन्ही बैल मिळून औत चालायचं. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. याला सावड म्हणतात. आधी दुसऱ्याच्या बांधावर जायचं, मग त्याला आपल्या बांधावर बोलवायचं, ही त्यातली रीत. मल्हारी शाळेत असताना एका पावसाळ्यात धोंडीरामने आपला बैल घोटीच्या बाजारात विकला आणि कुणाला सांगितलंच नाही. सासरे चिखलणीसाठी गेले तर गोठा रिकामा. आवणी, म्हणजे भाताची लावणी, लांबली, रोपं वाफ्यातच पिवळी पडली. मल्हारी हे आजही काल घडल्यासारखं सांगतो, आणि सांगताना पाय सुरू होतोच.

नाशिकला त्याने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि सातपूरच्या एका कारखान्यात मशिनं दुरुस्त करायला लागला. संगणकाचं वेड लागलं ते नव्वदीच्या शेवटी. मासिकाबरोबर आलेल्या फुकट सीडीवरून त्याने घरच्या संगणकावर विंडोजच्या जागी लिनक्स चढवलं. जगात अशीही माणसं आहेत, जी प्रोग्राम लिहितात आणि आतल्या ओळींसकट वाटून टाकतात, वर म्हणतात की हवा तसा बदला, हे त्याला तेव्हा कळलं. त्या संध्याकाळी तो घरभर येरझाऱ्या घालत होता. "सुवर्णा, अगं ही सावडच आहे की!" मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, मग जरा इकडेही सावड करा, तव्यावरची उलटा.

माझं माहेर निफाडकडचं. वडील खंडेराव, आम्ही त्यांना आबा म्हणतो, द्राक्षवाले. ऑक्टोबरची छाटणी झाली की पुढे मणी धरेपर्यंत आबांचा जीव टांगणीला. पानं फार वेळ ओली राहिली की डावणी नावाची बुरशी येते, आणि ती फुलोऱ्यात आली की घडच जळून जातात. म्हणून आबा भीतीने फवारायचे. ढग दिसला की फवारा, शेजाऱ्याचा ब्लोअर वाजला की फवारा. मल्हारीने हे एक-दोन वर्षं पाहिलं आणि एक डबा बनवला. तो बागेत खांबावर लावायचा. पान किती वेळ ओलं आहे, हवा किती दमट आहे, हे तो मोजणार आणि वायरीतून घरातल्या संगणकाला सांगणार. संगणकावर याने लिहिलेला प्रोग्राम, त्याचं नाव 'दव'. पडद्यावर हिरवं आलं तर थांबा, लाल आलं तर आजच फवारा.

दव त्याने सगळ्यांना फुकट दिला. निफाडकडच्या घरोघरी पोरांसाठी घेतलेले जुने संगणक होते, त्यांवर विंडोज ९८. आमच्या घरी लिनक्स. प्रोग्राम दोन्हीकडे चालायला हवा होता, पण वायरीतून डब्याशी बोलायची पद्धत दोन्हीकडे वेगळी. ते बोलायचं काम करणारा प्रोग्रामचा एक तुकडा स्लोव्हेनियातल्या एका माणसाने आधीच लिहून ठेवला होता. अशा तयार तुकड्याला लायब्ररी म्हणतात. मल्हारीने ती घेतली आणि दव तिच्यावर उभा केला. त्या माणसाला आम्ही कधी पाहिलं नाही, पण घरात त्याचं नाव 'सावडकरी' पडलं.

आणि रीत म्हणजे रीत. सावडकऱ्याचा बैल वापरायचा तर आधी त्याच्या शेतात राबायला पाहिजे. त्याच्याकडे विंडोज ९८ नव्हतं, म्हणून प्रत्येक नवी आवृत्ती मल्हारी आमच्याकडच्या ९८ वाल्या एका जुन्या संगणकावर तपासून द्यायचा, चुका कळवायचा, दुरुस्त्या लिहून पाठवायचा. आमच्या स्वयंपाकघरातला नळ वर्षभर गळत होता. मी म्हणायची, स्लोव्हेनियाची गळती थांबली असेल तर इकडे बघा.

२००४ च्या छाटणीत तो रोज कारखान्यातून सुटला की निफाडला पळायचा, कारण नवे डबे लावायचे होते. तेवढ्यात लायब्ररीची नवी आवृत्ती आली. याने घाईघाईत घेतली, लिनक्सवर चालली, म्हणून दवच्या नव्या सीडीत घालून वाटली. दुसऱ्या दिवशी फोनवर फोन. विंडोज ९८ वर दव उघडेचना. सावडकऱ्याने ९८ ची साथ सोडून दिली होती.

"धोंडीराम निघाला!" मल्हारी ओरडला. इतका चिडलेला मी त्याला पाहिला नव्हता. जुन्या सीड्या घेऊन तो गावोगाव फिरला आणि सगळं पूर्ववत करून आला.

कारखान्यात सायली नावाची नवी इंजिनिअर होती, तिलाही हा नाद होता आणि ती दवमध्ये हात घालायची. ती म्हणाली, "सर, जुन्या आवृत्तीची एक प्रत दवच्या पोटातच ठेवून द्या. पण जशीच्या तशी ठेवा हं. आणि तिकडे काय दुरुस्त होतंय त्यावर नजर ठेवा."

त्याने पहिलं वाक्य ऐकलं. बाकीची ऐकण्याइतकं त्याचं डोकं थंड नव्हतं. त्याने जुनी लायब्ररी दवमध्ये घेतली, आपल्या डब्याला सोयीची व्हावी म्हणून तिच्यात हवे तसे बदल केले, आणि सावडकऱ्याकडे जाणंच बंद केलं. ना चाचणी, ना चौकशी, ना राम राम. "आता कुणाच्या दारात जायला नको. बैल आपल्या दावणीला आहे," तो म्हणाला.

त्यानंतरचं वर्ष आमच्या संसारातलं सगळ्यात शांत वर्ष. नळ दुरुस्त झाला. आम्ही सोमेश्वरला फिरायला गेलो, पोट थोडं सुटलं त्याचं. पाय हलायचा थांबला. मला इतकं बरं वाटलं की मी शेजारच्या लताबाईंना पेढे द्यायचे तेवढे बाकी ठेवले होते.

आबांनी तोवर दववर पूर्ण भार टाकला होता. हे सोपं नव्हतं. गावात लोक हसायचे, जावयाच्या टीव्हीला विचारून फवारतो म्हणायचे. पण दोन हंगाम औषध कमी लागलं आणि माल चांगला निघाला, तेव्हा आबाच लोकांना घरी बोलावून पडदा दाखवायला लागले. "जावईबापूंनी डोळा बशिवलाय बागंत," असं सांगायचे. माझ्या माहेरी मल्हारीची जी काही पत होती ती त्या डब्यावर होती, हे मलाही ठाऊक होतं आणि त्यालाही.

२००५ च्या नोव्हेंबरात, बाग फुलोऱ्यात असताना, अवकाळी भुरभूर लागली ती आठवडाभर हटेना. एका सकाळी मी आबांना फोन केला. म्हणाले, "हिरवं हाय. ओलावा बेचाळीस दाखवतंय." संध्याकाळी पुन्हा केला. "बेचाळीस. हिरवंच हाय." दुसऱ्या सकाळी नाशकात आमच्या गॅलरीतले कपडे आदल्या दिवसापेक्षा ओले झाले होते. मी विचारलं, "आबा, तुम्ही बागेत गेला होता का?"

"गेलतो ना. पानं ओली लागली हाताला. पन मशीन नाय म्हनतंय. बेचाळीसच हाय की."

मल्हारी दाढी करत होता. मी त्याला म्हटलं, "अहो, कालपासून आकडा हललाच नाहीये."

त्याने वस्तरा ठेवला. मग तोंडाचा फेस टॉवेलने पुसला आणि तसाच अर्ध्या दाढीने गाडी काढली. मी मागे बसले. निफाडपर्यंत रिमझिम थांबली नाही.

उंदराने वायर कुरतडली होती. एवढंच. डबा मुका झाला होता आणि दव शेवटचा ऐकलेला आकडा पुन्हा पुन्हा वाचून दाखवत होता, ताजा असल्यासारखा. आम्ही पोचलो तोवर ओढ्याकडच्या अंगाला पानांवर तेलकट डाग आले होते आणि फुलोऱ्यातले घड तपकिरी पडायला लागले होते. आबांनी लगेच ब्लोअर जोडला. वरची बाग वाचली. ओढ्याकडची गेली.

मल्हारी आबांच्या संगणकापुढे बसला. फोनच्या तारेवरचं इंटरनेट लागायला वेळ लागत होता. सावडकऱ्याचं पान उघडलं आणि तो वाचतच राहिला. मी विचारलं, "काय आहे?"

"हीच चूक. वायर तुटली की जुना आकडा देत राहते. त्याला मार्चमध्येच सापडली, त्याने तेव्हाच दुरुस्त केली."

"मग सांगायला काय झालं होतं त्याला?"

"सांगितलं ना. लायब्ररी वापरणाऱ्या सगळ्यांना सांगितलं. मी तिथून उठून आलो होतो."

मग त्याने आणखी मागचं वाचलं. ९८ ची साथ सोडायच्या आधी त्या माणसाने सगळ्यांसमोर विचारलं होतं, अजून कुणी वापरतंय का, असेल तर ठेवतो. उत्तराची बरेच दिवस वाट पाहिली होती. मल्हारी तेव्हा निफाडला डबे लावत फिरत होता. कुणीच हो म्हटलं नाही, म्हणून त्याने सोडलं.

"धोंडीराम तो नव्हता," मल्हारी म्हणाला. "मी होतो. माझा बैल मी काढून घेतला, आणि त्याला सांगितलंसुद्धा नाही."

आबा दारात उभे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी, कळलं किती कोण जाणे. ते बागेत गेले, खांबावरचा डबा सोडवला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि माझ्या मांडीवर आणून ठेवला.

"सुवर्णे, घेऊन जा हे. माझा हात मला ओलं हाय म्हनत व्हता, आन् मी हाताचं ऐकलं नाय."

त्यांनी मल्हारीला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. परतताना मला आबांचा राग आला, मल्हारीचा आला, आणि त्या उंदराचा तर आलाच. डबा मांडीवर होता आणि मी रडत होते.

त्या हिवाळ्यात मल्हारी दर रविवारी निफाडला गेला. जावई म्हणून नाही, गडी म्हणून. जळके घड काढले, पानं गोळा करून जाळली, वरच्या बागेत घडांची विरळणी केली. आबा बोलायचे नाहीत, पण दुपारी त्याच्यापुढे भाकरी ठेवायचे. इतर दिवशी तो संगणकावर बसून आपण केलेले बदल एकेक करून उपसत होता. आपल्या मनाने इतकं काही फिरवून ठेवलं होतं की सावडकऱ्याची दुरुस्ती तिथे बसतच नव्हती. शेवटी ती प्रत त्याने काढूनच टाकली आणि दव पुन्हा मूळ लायब्ररीवर आणला. वायर गप्प झाली की पडदा सरळ काळा होईल, असंही केलं. ज्यांच्याकडे दव होता त्या प्रत्येकाच्या घरी जाऊन काय चुकलं ते सांगितलं. काहींनी त्याला चहा दिला, काहींनी दारातूनच वाट दाखवली.

सावडकऱ्यालाही त्याने लिहिलं की विंडोज ९८ चं शेत ओसाड टाकू नकोस, ते मी वाहतो, म्हणजे तुझी लायब्ररी ९८ वर चालती ठेवायचं काम माझं. त्याने हो म्हटलं. मागचं काही विचारलं नाही.

पुढच्या ऑक्टोबरात छाटणी आटोपली आणि एका दुपारी आबा एसटीने एकटेच आमच्याकडे आले. पाणी प्यायले, पंख्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "जावईबापू, डबा कुठं हाय?"

मल्हारीने कपाटाकडे पाहिलं. मी कपाटावरून डबा काढून पुढ्यात ठेवला.

"नेतो मी. पन एक सांगतो. रोज सकाळी मी पानाला हात लावनार, आन् तुम्हाला फोन करनार. माझा हात काय म्हनतो आन् तुमचं मशीन काय म्हनतं, दोनी जुळलं तरच खरं. नाय जुळलं तर तुम्ही तिकडं इचारायचं, त्या तुमच्या मानसाला."

"विचारीन, मामा."

"रोज इचारायचं. काम नसलं तरी जायचं त्याच्याकडं."

जेवायला बसलो. मी आमटी वाढत होते, तेवढ्यात आबांच्या ताटाजवळचा पाण्याचा तांब्या हळूहळू थरथरायला लागला. जवळपास दोन वर्षांनी. आबांनी तांब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. सवयीने माझा हात मल्हारीच्या गुडघ्याकडे गेला. अर्ध्यावरूनच मी तो मागे घेतला आणि आबांचा तांब्या तेवढा जरा लांब सरकवला.