तिची रजा, माझी गैरहजेरी

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना मला दिवस गेले, आणि आमच्या मराठीच्या बाईंनाही त्याच सुमारास. एका वर्गात दोन गरोदर बायका, एक फळ्यापुढं नि एक बाकावर. पण कौतुक काही दोघींचं सारखं नव्हतं.

बाईंना शिपाई खुर्ची आणून द्यायचा. बसूनच शिकवा, असं प्राचार्यांनी त्यांना स्वतः सांगितलेलं. माझं पोट बाकाला टेकायचं, म्हणून मी तिरकी बसायची, तर मागच्या पोरी खुसखुसायच्या. पुढं लेडीज रूममध्ये बाईंचं डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांची वाडी, आणि गाणी म्हणायला आम्ही विद्यार्थिनी. मीही म्हटली, पोटावर पदर ओढून. माझ्या पोटात दुखत होतं, पण ते बाळाचं नव्हे हो, जळण्याचं! खोटं कशाला बोलू?

त्याच आठवड्यात प्राचार्यांनी मला बोलावलं. "हे कॉलेजात बरं दिसत नाही. पुढच्या वर्षी बसा परीक्षेला."

पुढचं वर्ष कुठून आणू? सासऱ्यांनी मला एवढंच वर्ष दिलं होतं. पास झालीस तर ठीक, नाही तर पुस्तकं माळ्यावर, असं त्यांनी सरळ बजावलेलं. मी धीर करून विचारलं, "सर, मला बाळंतपणाची रजा मिळेल का?"

ते हसले. "अहो, रजा नोकरीवाल्यांना. तुमची ती गैरहजेरी."

बघा म्हणजे! पोटात दोघींच्या बाळच, पण तिची रजा आणि माझी गैरहजेरी. तो शब्द माझ्या डोक्यात जो बसला तो बसलाच. बाई भरपगारी रजेवर घरी गेल्या. मी मात्र हजेरी भरावी म्हणून दिवस भरत आले तरी कॉलेजात जात राहिले. खड्ड्यात रिक्षा आदळली की पोट धरायचं आणि मनातल्या मनात बाईंना शिव्या घालायच्या. त्यांचा काय दोष? काही नाही. पण प्राचार्यांवर जळून काय उपयोग, ते थोडेच बाळंत होणार होते!

मला मुलगी झाली, बाईंना मुलगा. हजेरी जेमतेम भरली आणि एप्रिलात मी परीक्षेला बसले. सोलापूरचा एप्रिल, सकाळपासूनच अंगाची लाही. लेकीला सांभाळायला करमाळ्याहून आई आली होती. ती तिला घेऊन आवारातल्या लिंबाखाली बसायची. पेपरच्या आधी पाजायचं, मग एकदम नंतर. एकदा हॉलबाहेर पडलं की परत आत घेत नसत.

शेवटच्या पेपरला थोडंसं लिहून होतंय तोवर लेकीनं टाहो फोडला. आई "उगी, उगी" करत होती, पण ती कसली ऐकतेय! माझा पान्हा फुटला, ब्लाउज भिजला. डाव्या हातानं पदर दाबून धरला तर अक्षरं वाकडी पडायला लागली.

वर बघितलं. सुपरविजनला नेमक्या बाईच होत्या, नुकत्याच रजेवरून परत आलेल्या, कडक इस्त्रीच्या साडीत. त्या खिडकीशी उभ्या होत्या, हातातल्या पुरवण्या छातीशी घट्ट धरून. पुरवण्यांच्या कडेनं त्यांच्या ब्लाउजवर ओला डाग पसरत होता. माझ्या लेकीच्या रडण्यानं त्यांनाही पान्हा फुटला होता.

मला राहवेना. पेन ठेवून मी उठायला लागले, तशा त्या झरकन आल्या आणि खांदा दाबून मला खाली बसवलं.

"उठलीस तर वर्ष गेलं," त्या कानाशी म्हणाल्या. "मी पाजू तिला?"

मी मान डोलावली. दुसऱ्या सुपरवायझरांना काहीतरी सांगून बाई बाहेर गेल्या. आणि थोड्या वेळात रडणं थांबलं.

त्या शांततेत मी भराभरा लिहीत सुटले, आणि जळतही राहिले. खुर्ची तिची, डोहाळजेवण तिचं, रजा तिची, आणि आता माझी लेकसुद्धा! उपकार कळत नव्हते असं नाही. पण माझा ब्लाउजही भिजतच होता ना?

घंटा झाली तशी मी धावत सुटले. आईच्या मांडीवरनं लेकीला ओढून घेतलं आणि पदराखाली धरलं.

"अगं, आता कशाला? पोट भरलंय की तिचं," आई म्हणाली. "लई गुणाची बाई हाय तुमची. पेपर कसा गेला?"

"चांगला गेला," मी म्हटलं, आणि लेकीला पुन्हा लावून बघितलं. तिनं ओठ घट्ट मिटले, तोंड फिरवलं आणि झोपून गेली. माझी गैरहजेरी तिच्या गावीही नव्हती.