‘लाईट आली’चा दिग्दर्शक

सिद्धू गेल्याची बातमी मला एका फ्लेक्सनं दिली. राजारामपुरीत सकाळी स्कूटर लावली, सहज वर बघितलं, तर औषधाच्या दुकानावर दहा फुटी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लटकत होती. वर दोन ओळींत चौदा हसरे चेहरे, त्यातले निम्मे गॉगल लावलेले, आणि खाली उरलेल्या जागेत सिद्धूचा ओळखपत्रावरचा फोटो ताणून मोठा केलेला. नाव काय, तर ‘आमचे लाडके व्हिडिओवाले सिद्धूदादा’. आडनाव नाहीच. सगळ्यांच्या वर आणि सगळ्यांत मोठे माझे चुलते तात्या, हात जोडून. आदल्या दुपारी माणूस गेला आणि उजाडायच्या आत त्याच्या मरणावर या चौदा जणांनी आपापली तोंडं छापून घेतली होती. मला शिसारी आली. ती कमी होईल, मग शांतपणे लिहू, म्हणून पाच आठवडे थांबलो... ती काही कमी झाली नाही.

शोकसभाही झाली. तात्यांचा मंडपाचा धंदा, त्यामुळे मंडप त्यांचा, खुर्च्या त्यांच्या, माईक त्यांचा. “सिद्धू म्हंजे आमच्या घरातलंच पोरगं,” असं तात्या गहिवरून म्हणाले आणि लोकांनी माना हलवल्या. घरातलंच! मी दुसऱ्या रांगेत बसून दात आवळत होतो. मग माईक माझ्याकडं आला आणि मी काय बोललो? “चांगला मित्र गेला,” एवढंच. तात्यांचा जेवढा राग आला, त्याच्या दुप्पट स्वतःचा आला. तिथं जे बोललो नाही ते इथं लिहितो आहे.

सिद्धार्थ कांबळे उचगावचा. वडील लवकर गेले, आईनं धुणीभांडी करून वाढवला. आयटीआय करून तो राजारामपुरीतल्या एका टीव्ही-व्हीसीआर दुरुस्तीच्या दुकानात लागला. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. आमचा व्हीसीआर कॅसेट चावायला लागला म्हणून मी तिथं गेलो आणि तिथंच चिकटलो. व्हीसीआरच्या पोटातली ती फिरणारी चकचकीत डबी तो शर्टाच्या बाहीनं नव्हे, खास धुऊन ठेवलेल्या मलमलीनं पुसायचा. गिऱ्हाईकाच्या लग्नाची कॅसेट दुरुस्तीला आली, की आधी तिची कॉपी काढून ठेवायचा. “कॉपी काढल्याबिगर कॅसेट हातातनं सोडायची न्हाय,” हा त्याचा नियम. दुपारच्या रिकाम्या वेळात आम्ही सिनेमे लावायचो. मी गोष्ट बघायचो, तो कॅमेरा कुठं ठेवलाय ते बघायचा. आपणही एक पिक्चर काढू, हे मी उगाच बोलून गेलो. त्यानं ते खरं धरलं.

कॅमेरा दोघांच्यात मिळून घ्यायचा ठरलं. कमी पडलं ते तात्यांनी घातलं. आखातातून परतलेल्या एका गृहस्थाकडं दोन जुने कॅमेरे विकायला होते. एक खांद्यावर घ्यायचा, तोफेसारखा, भला मोठा झूमवाला, बटण दाबलं की चित्राभोवती बदामाची चौकट आणणारा. माझा जीव त्याच्यावर. दुसरा साधा, काळा, दिसायला गरीब. सिद्धूनं तोफेकडं ढुंकून बघितलं नाही. साध्या कॅमेऱ्याला बाहेरचा माईक लावायचं भोक आहे का, फोकस हातानं फिरवता येतो का, एवढंच बघितलं.

“झूम काय चाटायचाय?” मला म्हणाला. “पाय हायत की, जवळ जा. आवाज मातूर जवळ जाऊन बी मिळत न्हाय.”

मग त्यानं त्या गृहस्थाला दोन्ही कॅमेरे घेऊन संध्याकाळी दूधकट्ट्यावर यायला लावलं. गवळी तिथं म्हशी आणून लोकांसमोर धार काढतात. सिद्धूनं स्वतःची कोरी कॅसेट घातली आणि दोन्ही कॅमेऱ्यांनी सावलीतल्या म्हशीचं तोंड घेतलं. गवळी वैतागला. “ओ पावणं, दूध प्यायला आलाय का म्हशीचं लगीन लावाय?” सिद्धू हसला, पण हलला नाही. दुकानात येऊन कॅसेट लावली. तोफेतून म्हशीच्या जागी नुसता काळा ठिपका दिसत होता. साध्या कॅमेऱ्यात तिचे डोळे दिसले, पापण्यासुद्धा. “हिचं डोळं दिसलं, म्हंजे आमच्या गल्लीतली माणसं बी दिसत्यात,” तो म्हणाला. पहिला कॅमेरा घेणाऱ्याला मी आजही हेच सांगतो, फक्त ते सिद्धूचं आहे हे सांगायचं इतकी वर्षं टाळलं.

पिक्चरची कल्पनाही त्याचीच. संध्याकाळी लाईट जाते, गल्लीतली माणसं उंबऱ्यावर येतात, भांडतात, बोलतात, हसतात, आणि लाईट आली की सगळी आपापल्या टीव्हीपुढं आत जातात. गल्ली रिकामी. संपलं. नाव ‘लाईट आली’. उचगावला त्याच्याच गल्लीत आम्ही शूटिंग केलं. दिवस मावळतानाचा जेमतेम अर्धा तास उजेड हवा तसा मिळायचा, त्यामुळं वीस मिनिटांच्या पिक्चरला महिना लागला. बांबूच्या टोकाला माईक बांधून मी उभा, आणि तो पायरीवर पोट टेकून कॅमेऱ्याला डोळा लावून. सगळी गल्ली पुढं आली, फक्त त्याची आई तयार होईना. “माजं तोंड कुनाला दावायचंय?” म्हणायची.

मधेच खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी मंडपाची सगळी अवजारं पूजेला मांडतात... पहारी, हातोडे, जनरेटर. यंदा कॅमेराही मांडायचा, असं तात्यांनी ठरवलं आणि मी तो नेऊन दिला. सिद्धूला विचारलं नाही. पूजा चालू असताना तो कॅमेरा न्यायला आला. तात्या पाटावरून म्हणाले, “पूजा हाय, जरा भाईरच थांब. मागनं परसाद घिऊन जा.” अर्धा कॅमेरा त्याचा होता आणि तो दाराबाहेर चपला घालून उभा राहिला. मी आत पितांबर नेसून बसलो होतो. उठून बाहेर गेलो असतो तर काय झालं असतं? तात्या चार दिवस बोलले नसते. तेवढ्यालाही मी भ्यालो. आणि तात्यांनी काय केलं, तर चिमूटभर हळद-कुंकू माणसाच्या कपाळाला लावावं तसं थेट काचेवर चोळलं आणि वर नारळाचं पाणी शिंपडलं.

सिद्धूनं कॅमेरा दुकानात नेला, टेबलावर उघडला, स्पिरिट आणि रंगाचा ब्रश घेऊन दोन दिवस साफ केला. हळद निघाली, कुंकवाचा एक कण काचांच्या मधे जाऊन बसला होता, तो निघेना. “आनी उघडलं तर फोकस जातोय,” म्हणून त्यानं स्क्रू आवळले. त्यानंतरच्या प्रत्येक चित्रात खाली डाव्या कोपऱ्यात एक धूसर तांबडा डाग आहे. पूजेबद्दल, दाराबद्दल तो एक शब्द बोलला नाही. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दसऱ्यानंतर त्याची आई तयार झाली. एकच शॉट, तोच पिक्चरचा पहिला. हातात कंदील घेऊन ती उंबऱ्यावर येते आणि ओरडते, “गेली गं बाई लाईट!” सिद्धूनं दुकानातले दोन व्हीसीआर जोडून शॉटची जुळणी केली, पाटीवर खडूनं नावं लिहून तीही सुरुवातीला घेतली आणि कॅसेट माझ्याकडं दिली, कारण हौशी पिक्चरवाल्यांच्या एका स्पर्धेचा अर्ज मी भरणार होतो. ती तात्यांनी बघितली. “जनरेटर माजा, कॅमेरा माज्या जिवावर, आनी नाव असलं? हॉलमध्ये सगळं पाव्हणं येनार हायत. दिग्दर्शक तू. त्याचं नाव खाली टाक, आडनाव नगं.” मी मान डोलावली. घरी नवी पाटी लिहिली. ‘दिग्दर्शन – विजय पाटील. सहाय्य – सिद्धार्थ’. कॅमेरा व्हीसीआरला जोडला आणि जुन्या नावांवर नवी नावं रेकॉर्ड केली. बटण सोडायला उशीर झाला. कुठवर पुसलं गेलं, हे पुढं नेऊन बघायचीही तसदी मी घेतली नाही.

स्पर्धेच्या दिवशी हॉलमध्ये सिद्धूची आई नवं लुगडं नेसून आली होती, शेजारच्या दोघींना घेऊन. माझं नाव आलं. मग सिद्धार्थ. मग पडद्यावर इंद्रधनुष्यासारखे वेडेवाकडे पट्टे उमटले आणि पिक्चर थेट दुसऱ्या शॉटवर गेला. ती शेवटपर्यंत वाट बघत बसली. दिवे लागल्यावर विचारलं, “माजं कुटं आलंच न्हाय की रं?” सिद्धूचा धंदाच तो. ते पट्टे कशानं येतात, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, “आधी पॉज दाबायचं आस्तंय, विज्या. मग रेकॉर्ड.” एवढंच. मग माझं नाव पुकारलं आणि मी स्टेजवर जाऊन पहिल्या बक्षिसाची ढाल घेतली. हसत घेतली. फोटो आहे त्याचा.

त्यानंतर त्यानं पिक्चर काढला नाही. कॅमेरा त्याच्याकडंच राहिला. पुढं तो तात्यांच्या मंडपात लग्नांचं शूटिंग करायचा. आहेराच्या रांगेतला प्रत्येक पाहुणा पाकिटासकट दिसला पाहिजे, नाही दिसला तर शिव्या. ज्यानं म्हशीच्या पापण्यांसाठी संध्याकाळ घालवली, त्याला आम्ही दहा वर्षं पाकिटं टिपायला लावली. आम्ही भेटायचो, तो चहा पाजायचा, मी ढाल असलेल्या घरी परतायचो. शेवटी कावीळ अंगावर काढली आणि गेला. मला कुणी कळवलं नाही, आणि का कळवावं?

तर, ‘लाईट आली’चा दिग्दर्शक सिद्धार्थ कांबळे होता. मी बांबू धरला होता.

गेल्या रविवारी ढाल पिशवीत घालून उचगावला गेलो. मावशी, म्हणजे सिद्धूच्या आई, उंबऱ्यावरच बसल्या होत्या. म्हणालो, “मावशी, ही सिद्धूची हाय. मी ढापली हुती. त्या कॅसेटवरचं तुमचं चित्र बी मीच पुसलं.” त्यांनी ढाल उलटसुलट करून बघितली. “म्हाईत हाय. आनी मी काय करू ह्येचं? पाट म्हून बसाय बी येत न्हाय.” ढाल माझ्या पायाशी ठेवली आणि आत गेल्या. मला वाटलं, जा असं म्हणतात. तर आतून त्यांचीच हाक आली, “ये की. पिक्चर लावतो.”

टीव्हीखाली जुना व्हीसीआर, शेजारी मलमलीत गुंडाळलेला तो काळा कॅमेरा. त्यांनी कॅसेट सरावानं आत ढकलली. पाटी आली, सिद्धूच्या अक्षरात. ‘दिग्दर्शन – विजय पाटील, सिद्धार्थ कांबळे’. ती पाटी मी पुसली होती, पण तिच्यावर काय लिहिलंय ते नीट वाचलंच नव्हतं. माझं नाव त्यानं आधी लिहिलं होतं. मला कॅसेट द्यायच्या आधी त्यानं नियमाप्रमाणं कॉपी काढली होती, आणि बारा वर्षांत एकदाही ती माझ्या तोंडावर मारली नव्हती.

मग पडद्यावर उंबरा आला आणि कंदील घेतलेली, बारा वर्षांनी लहान मावशी. “गेली गं बाई लाईट!” शेजारी बसलेल्या मावशीही तिच्याबरोबर पुटपुटल्या. मग उठल्या, टीव्हीजवळ गेल्या आणि डाव्या कोपऱ्यात, चित्रातल्या स्वतःच्या पायाशी, पदरानं काच पुसू लागल्या.

“मावशी, ते काचेवर न्हाय,” मी म्हणालो. “कॅमेऱ्यात हाय ते.”

“सिद्धू बी त्येच म्हनायचा,” त्या म्हणाल्या. “तुमच्या घरचं कुक्कू हाय न्हवं ते? म्हाईत हाय मला. पर हात जातोय.”

आणि त्यांनी पुन्हा एकदा पुसलं.