शमीम खालांची दुआ आणि माझी व्हायवा

लोकांचे असले चमत्कारिक अनुभव मी नेहमी वाचते, आणि वाचून झालं की प्रत्येकाचं कारण शोधत बसते. बहुतेक वेळा सापडतंही. आमचं घर बौद्ध. नवस, गंडा, उतारा असलं काही कुणी नुसतं बोललं तरी वडील ताटावरून उठायचे. मीही त्यांचीच मुलगी. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय... पण झालं ते झालं.

मी लहानपणापासून तोतरी. शाळेत पोरी मला 'फटफटी' म्हणायच्या. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला लेखी पेपर उत्तम गेले आणि व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, नापास झाले. बाहेरून आलेल्या एक्झामिनर बाईंनी विचारलं होतं – बाळंतपणानंतर पेशंटचा रक्तस्राव थांबत नसेल तर काय करशील? सगळं येत होतं हो! पण 'ग... ग... गर्भाशय'च्या पुढे गाडी सरकेना. बाई म्हणाल्या, "तोपर्यंत पेशंट जाईल गं." लागलं मला. पण खोटं नव्हतं ते.

वर्षभर घरी बसून पुन्हा फॉर्म भरला. आई म्हणाली, "लई झालं की आता. पुन्हा तितं जाऊन रडूनच येणार न्हवं?"

आम्ही शुक्रवार पेठेत राहतो. दोन घरं सोडून शमीम खालांचं घर. उर्दू शाळेतून रिटायर झालेल्या, सत्तरीच्या आसपास. परीक्षेचे दिवस आले की त्यांचा ओटा पोरांनी भरायचा. त्यांच्या शाळेतली मुलं तर असायचीच, पण विणकरांच्या घरातली तेलुगू पोरंही गणिताला यायची. अभ्यासाआधी मुसलमान मुलं ज्ञान वाढावं म्हणून छोटी दुआ म्हणायची, बाकीची गप्प बसायची. एकदा एक मुलगी म्हणाली, "खाला, आज बस दुआ पढते, गणित कल करते." खाला हसल्या. "दुआ से पेन नहीं चलता बेटा. चलाना पड़ता."

व्हायवाला आठ दिवस राहिले तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. रोज दुपारी माझ्या नोट्स हातात धरून प्रश्न विचारायच्या. त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं. पण एक गोष्ट मी विसरणार नाही... माझं अडकलेलं वाक्य नेहमी कुणीतरी घाईने पूर्ण करतं. आईसुद्धा. खालांनी कधीच केलं नाही. शब्द येईपर्यंत शांत बघत राहायच्या, जसं काही आम्हा दोघींना दुसरं कामच नाही.

शेवटच्या दिवशी म्हणाल्या, "पैगंबर हजरत मूसांच्या जिभेलाही गाठ होती, माहीतये? ती सुटावी म्हणून त्यांनी दुआ मागितली. आणि सोबत बोलायला भाऊ मागून घेतला."

मी चाचरत म्हटलं, "खाला, मी न... न... नाही म्हणणार हं दुआ."

"तेरेकू कौन बोल्या? तू नोट्स पढ. दुआ मैं पढ़ती."

दुसऱ्या दिवशी माझा नंबर अकरा अडतीसला लागला. वेळ नक्की सांगते, कारण आत जाताना आणि बाहेर येताना आम्हाला रजिस्टरमध्ये वेळ लिहून सही करावी लागायची. आत बघते तर – मागच्या वर्षीच्याच बाई! त्यांनी मला ओळखलं, आणि प्रश्नही तोच विचारला.

मी तोंड उघडलं. "आधी मदतीला हाक मारीन. गर्भाशय चोळून घट्ट करीन. सलाईन सुरू करीन, ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन तयार ठेवीन..."

आवाज माझाच होता. पण जिथे रोज भिंत लागते तिथे काहीच नव्हतं. मोकळं! बाईंनी पेन खाली ठेवलं. एकामागून एक प्रश्न विचारत गेल्या, मी सांगत गेले. बाहेर आले तेव्हा अकरा पन्नास. दारापाशी थांबलेली माझी मैत्रीण भाग्यश्री म्हणाली, "आत तुझ्याबरोबर कोण होतं गं? कोण बोलत होतं एवढं?"

आईला फोन लावला. "आई, प... प... परीक्षा चांगली गेली." अडखळणं परत आलं होतं.

घरी पोहोचले तर खालांच्या दारात शेजारपाजारच्या बायका. त्यांची सून रुखसारभाभी घाबरलेली. सांगू लागली, "अम्मी साडेअकराला दुआ मागायला बसल्या. जरा वेळाने बघते तर शब्दच निघेना. 'रब'चं पहिलंच अक्षर पुन्हा पुन्हा... र-र-र. मला वाटलं लकवा मारला! यांना फोन केला, डॉक्टरला घेऊन आले. तोवर अम्मी एकदम ठीक."

भाभीच्या मोबाइलवर तो कॉल मी स्वतः बघितला. अकरा बेचाळीस.

मी नर्स आहे – हो, पास झाले, आणि आज वळसंगजवळच्या एका दवाखान्यात बाळंतपणं करते. मेंदूला रक्त कमी पडलं तर काही मिनिटं जीभ अडखळू शकते, हे मला माहीत आहे. आठवड्याने खालांचं स्कॅन झालं, त्यात काही निघालं नाही. माझ्या बाजूने म्हणाल तर एखाद्या दिवशी तोतऱ्या माणसालाही सलग बोलता येतं. दोन्हीला वेगवेगळं कारण देता येतं. पण दोन्ही घडलं ते एकाच वेळी, त्याच बारा मिनिटांत.

त्या दुपारी खालांना मी विचारलं होतं, "तुम्ही काय मागितलं होतं नेमकं?"

त्या म्हणाल्या, "मैंने कुछ नहीं किया बेटा. देनेवाला वो है." मग माझा हात हातात घेतला. डोळे भरून आले होते त्यांचे. त्यांनी जे विचारलं ते इतक्या वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं, घरच्यांनीही नाही...

"इतना तकलीफ होता क्या तेरेकू, रोज?"