आत्याच्या नावाचं कूपन

ऐका, पण चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना एकाला ठसका लागला होता.

माझी भामाआत्या, सांगोल्याकडची. मागच्या वर्षी गेली. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना! बाभळीवर बसून नुसता बघतोय. चुलते म्हणाले, "तुजी शेरडं सांभाळतो." नाही. "डाळिंबाला पाणी कमी पडू देत न्हाय." तरी नाही. ऊन डोक्यावर आलं. शेवटी मीच ओरडलो, "आत्या, तुला विमानात बसवतो!" जन्मभर तेवढी एकच हौस होती तिची. आणि काय हो, कावळा तडक खाली!

आता गेलेल्या माणसाला विमानात बसवणार कसं? मी विसरूनही गेलो.

पुढे सोलापुरात एक भुताचा सिनेमा लागला. तिकिटासोबत जाहिरातीचं कूपन. नाव, फोटो आणि परदेशी का जायचंय ते एका ओळीत लिहायचं. बक्षीस सिंगापूरची सहल. एकाला एकच कूपन. माझं भरलं, बायकोचं, म्हणजे सुनंदाचं भरलं. सोबत आलेल्या मेव्हण्याचं कोरंच होतं. वाया कशाला घालवायचं? आत्याचं नाव टाकलं, तिचा फोटो लावला, नंबर माझा दिला. कारण लिहिलं, 'एकदा विमानात बसायचंय.'

पंधरा दिवसांनी, भर दुपारी फोन. एक मुलगी गार आवाजात म्हणाली, "भामाबाई आहेत का? त्या जिंकल्यात."

"झोपल्यात," मी ठोकून दिलं. तेवढ्यात खिडकीच्या ग्रिलवर कावळा येऊन बसला. ओरडेना, नुसता बघतोय. मग रोज दुपारी तेच. जुळे सोलापुरात, तिसऱ्या मजल्यावर! त्यात घरभर मशेरीचा वास. आमच्याकडे मशेरी लावतं कोण? आत्या लावायची.

भीती होती हो, पण सिंगापूर सुटेना! बक्षीस द्यायच्या आधी त्या फोनवरच्या मुलीला व्हिडिओ कॉलवर आत्या बघायची होती. मी सुनंदाला आत्याचं लुगडं नेसवलं, जाड चष्मा लावला, पदर नाकापर्यंत ओढला.

"अहो, अंगावर काटा आलाय माझ्या," ती कुजबुजली.

"दोन वाक्यं बोल फक्त. मला झेपत नाही, भाच्याला पाठवा म्हण."

कॉल लागला. "भामाबाई, अभिनंदन!"

"व्हय, मीच हाय की. पर गुडगं लई दुकत्यात. माज्या भाच्याला धाडा."

मुलगी स्क्रीनजवळ सरकली. मग अगदी हळू म्हणाली, "तुमच्या मागे कोण आहे?"

"कुनी न्हाय की."

"आहे. कूपनवरच्या आजी. तुमच्याकडेच बघतायत."

सुनंदा किंचाळली! चष्मा उडाला, पदर सुटला. माझी मान वळेना. रामराम म्हणत कशीबशी वळवली.

भिंतीवर आत्या. फ्रेममध्ये, चंदनाचा हार घालून. वर लाल दिवा लुकलुकतोय. त्याच फोटोचा फोटो काढून मी कूपनला लावला होता!

मग काय, माझं नाव सांगून सगळं कबूल केलं.

"सर," मुलगी म्हणाली, "आधीच खरं सांगायचं ना! विजेता हयात नसेल तर बक्षीस पुढच्या नावाला जातं. पुढचं नाव तुमचंच होतं."

"होतं म्हणजे?"

"फसवणूक केली की नाव बाद, सर."

फोन बंद झाला. सुनंदानं खाली पडलेला चष्मा उचलला आणि मला विचारलं, "तुम्हाला शहाणं कोण म्हणतं हो?"

खोटं कशाला सांगू? एकटी आत्याच म्हणायची.