साहेबांची हिरवी शाई

आमच्या वरच्या मजल्यावरच्या साहेबांना बढती मिळाली आणि ते हिरवी शाई शोधत माझ्याकडे आले. सरकारी फायलीवर हिरव्या शाईने सही करायचा मान बड्या अधिकाऱ्यांचा, आणि आमच्या द्वारकेतल्या सोसायटीत शाईची पेनं बाळगणारा मी एकटाच.

तीन बाटल्या त्यांनी तपासल्या. पहिली पोपटी, “बिल्कुल बालवाडी.” दुसरी फारच गडद, “काळीच समजतील, यार.” तिसरी पसंत पडली. कागदभर नुसत्या सह्या केल्या. मी म्हटलं, “चार ओळी लिहून बघा, निब कशी चालते ते कळेल.”

“लिहायला स्टाफ आहे ना,” ते म्हणाले.

बाटली मी त्यांना देऊन टाकली.

महिन्याभराने माझी आई गेली. साहेबांना एक मजला उतरणं जमलं नाही. त्यांनी ड्रायव्हरच्या हाती लिफाफा पाठवला. आत ऑफिसात टाइप करून घेतलेला शोकसंदेश होता. आईचं नाव भरायच्या जागी टिंबं तशीच राहिली होती. खाली मात्र माझ्याच शाईतली झोकदार सही होती, आणि सहीखाली तारीख.