एक कड उघडी

सामान हुकाच्या काट्याला अडकवून मोजायची सवय मला मोंढ्यातल्या धान्य तोलायच्या नोकरीनं लावली. विमानाच्या बॅगाही मी परभणीत घरीच मोजल्या.

तिकिटं मुलीच्या बाळंतपणासाठी काढलेली होती. ती जपानात ओसाकाला असते, जावई तिथं नोकरीला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं अशी आमची इच्छा होती, पण तिथल्या डॉक्टरांनी एवढा प्रवास नको म्हटलं, म्हणून आम्हीच जाणार होतो. आठव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. आता येऊ की नको, असं मी फोनवर विचारलं. जावई म्हणाले, या, ती घराबाहेरच पडत नाही, तुमच्या निमित्तानं चार ठिकाणं बघू.

मग बायकोनं भरलेली बॅग उपसली. डिंकाचे लाडू काढले, अळीव काढले, वेखंड, गुटीचं सामान, झबली. काढलेलं सगळं मी वेगळं मोजलं. त्या हिशोबानं बॅग जेवढी उतरायला पाहिजे होती तेवढी उतरली नाही, अर्धा किलो जास्त भरत होती. काय राहिलंय ते मला कळलं. मी बॅगेची चेन ओढून लावली.

ती छोटी वाकळ होती. आमच्याकडे बाळाला नव्या कापडात घेत नाहीत. घरातल्या प्रत्येकाच्या वापरून मऊ झालेल्या कपड्याचा एकेक तुकडा जोडून वाकळ शिवतात. यात माझा सदरा होता, माझ्या आईचं लुगडं होतं, मुलीचा शाळेतला निळा फ्रॉक होता. तीन कडा आधी शिवायच्या आणि चौथी बाळ जन्मल्यावर, ही माझ्या आईनं घालून दिलेली पद्धत.

ओसाकाला मुलगी विमानतळावर घ्यायला आली होती. वाळली होती. यंदा हुरडा कसा आहे, थंडी किती पडली, असं सगळं तिनं विचारलं. दुसरा विषय तिनं काढला नाही, आम्हीही नाही. तिचं घर लहान, कपाटं भिंतीतली आणि ती सारखी उघडणारी. वाकळ लपवायला जागाच नव्हती. म्हणून बायको ती खांद्यावरच्या पिशवीत घालून सगळीकडे हिंडली.

आम्ही किल्ला बघितला. तटाचे दगड घराएवढे. मी त्यांची मापं विचारायचो आणि मुलगी पाटीवरून वाचून सांगायची, लहानपणी मी तिला पाढे विचारायचो तसं. चेरीची झाडं निष्पर्ण उभी होती. वसंतात लय छान दिसतं म्हणे. वसंतातच तर आम्ही तिथं बाळाला घेऊन फिरणार होतो.

मत्स्यालयात काचेमागं एक प्रचंड मासा संथ फिरत होता. तेवढ्यात एक बाई छातीशी तान्हं बांधून शेजारी येऊन उभी राहिली. मी, बायको आणि जावई, तिघंही काही न ठरवता एकाच वेळी मुलीच्या आणि त्या बाईच्या मध्ये उभे राहिलो. मुलीनं आमच्याकडे बघितलं, मग माशाकडे.

शेवटच्या संध्याकाळी नदीकाठी बाकावर बसलो. पाण्यात दिव्यांचे रंग हलत होते. वारं बोचरं होतं. मुलीनं हात बाह्यांत ओढून घेतले.

"आई, पिशवीत शाल आहे ना? रोज घेऊन हिंडायलीस."

"जुनी हाय ती. तुला न्हाई पुरायची."

पण मुलीनं पिशवीत हात घातलाच. वाकळ बाहेर आली. गुडघ्यांवर पसरली तर दोन्ही गुडघेही नीट झाकले नाहीत. बायकोनं तोंडाला पदर लावला. मुलीनं फ्रॉकचा तुकडा ओळखला, माझा सदरा ओळखला. मग एका कडेवरून बोट फिरवत निघाली. दुसरी कड, तिसरी. चौथीला बोट आत गेलं.

"ही का उघडी?"

बायकोनं तोंडावरचा पदर काढला. "बाळ झाल्यावर शिवायची असती, बाई."

"मग शिव की." तिचा आवाज चढला नव्हता. "मी बाळंत झालेय, आई. कळा दिल्यात मी. सगळे असे बोलतात जसं काही झालंच नाही."

आम्ही उठून घरी आलो. मुलीनं सुईदोरा काढून दिला. बायकोला डोळ्यांतल्या पाण्यामुळं सुईचं नाक दिसेना, जावयांनी दोरा ओवून दिला. मुलगी समोर बसून कापड ताणून धरत होती आणि बायको टाका घालत होती. आमच्या घरात इतके दिवस कोणी रडलं नव्हतं असं नाही, पण तोवर प्रत्येक जण आपापल्या खोलीत रडला होता.

कड संपत आली. मला काहीतरी विचारायचं होतं आणि शब्द सापडत नव्हते. शेवटी जे मला येतं तेच मी विचारलं.

"वजन किती होतं?"

जावयांनी दचकून माझ्याकडे बघितलं. मुलीनं कापड सोडलं नाही.

"एक किलो नऊशे," ती म्हणाली. "मला कुणी विचारलंच नव्हतं, बाबा." मग थोड्या वेळानं, खाली बघत, "केस लय होते तिला."

मुलगी होती, हे आम्हाला तेव्हा कळलं.