भाईंना शाल चालत नसे

५ फेब्रुवारी. गच्चीवरच्या मिरच्या वाळून खुळखुळायला लागल्या आहेत. आज देठं खुडून झाली नाहीत तर गिरणीवाला पुन्हा लवकर नंबर देणार नाही. वर्षाचं तिखट आहे, टाळून चालत नाही. ईश्वरभाईंवर पेपरच्या पुरवणीसाठी लिहून द्या, असा निरोपही कधीचा येऊन पडला आहे. तेही टाळून चालणार नाही. तेव्हा सकाळपासून खुडायला बसले आणि थोड्या थोड्या वेळाने हात धुऊन लिहिते आहे.

भाई गेल्याचा फोन त्यांच्या मुलाने केला. मी कुकर लावत होते. "ताई, पप्पा गेले. पहाटेच." मी विचारलं, "कधी नेणार?" "दहाला." "पोचते," म्हटलं आणि गॅस बंद केला. तापीकाठचं त्यांचं गाव आमच्या घरापासून तासाभरावर. एसटीत बसल्यावर एकच विचार डोक्यात आला, तो म्हणजे आता राजूला कोण सांगणार. त्याच्याबद्दल पुढे लिहिते. आधी भाईंचं काम काय होतं ते सांगायला हवं, कारण त्यांच्या शेजाऱ्यांनाही ते नीट माहीत नव्हतं.

ईश्वरभाई कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. तरुण मुलं द्वेषाच्या नादाला लागून हिंसेपर्यंत कशी जातात आणि तिथून परत कशी आणता येतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. निवृत्तीनंतर त्यांनी नंदुरबारात एका खोलीत केंद्र सुरू केलं. मी सरकारी इस्पितळात समुपदेशक होते, ती नोकरी सोडून त्यांच्याकडे गेले. मोबाइलवर कुणाचं तरी ऐकून पेटलेली मुलं आमच्याकडे यायची. काहींना पोलीस पाठवायचे, काहींचे आईबाप गुपचूप घेऊन यायचे. कुठल्या बाजूची, असं मला नेहमी विचारतात. दोन्ही बाजूंची. त्याहून जास्त सांगणार नाही. भाईंनीही कधी सांगितलं नाही.

ते पोलिसांच्या प्रशिक्षणात व्याख्यानाला जायचे. एकदा मी बरोबर होते. एका तरुण अधिकाऱ्याने विचारलं, "सर, असा मुलगा ओळखायची एखादी पक्की खूण?" भाई म्हणाले, "लग्नाला जात नाही." सगळे हसले. भाई हसले नाहीत. आमच्या भागात मुलगा मामाच्या पोराच्या लग्नालाही गेला नाही, तर त्याला कुणीतरी माणसांतून काढायला घेतलं आहे असं समजावं, हे त्यांचं निरीक्षण होतं. डोक्यात काय भरलंय ते नंतर बघू, आधी तो कुणाकुणाशी बोलायचा बंद झालाय ते बघा, असं ते आम्हाला सांगत. मुलगा केंद्रावर आला की धर्म, राजकारण, इतिहास, कशावरच वाद घालायचे नाहीत. अहिराणीत पहिला प्रश्न, "मामाना पोऱ्याना लगनले गयथा का तू?" मुलगा बावचळून जायचा. तो चांगली तयारी करून आलेला असायचा, पण ती दुसऱ्या प्रश्नांची.

मग लग्नसराई आली की भाई त्याला घेऊन निघायचे. कुणाच्याही लग्नात. बसवायचे नाहीत, वाढायला लावायचे. वरण-बट्टीची पंगत, हातात गरम घमेलं, आणि समोर ओळखीची, बिनओळखीची, कुठल्याही जातीची, कुठल्याही आळीची माणसं "इकडे आण रे, इकडे" करत बसलेली. मी एकदा म्हटलं, "भाई, याला उपचार म्हणायचं का?" ते म्हणाले, "बट्टी गरम वाढनी पडस ताई. इचार कराले टाइम भेटत नही." थट्टेत बोलले, पण त्यावर त्यांनी इंग्रजीत लांबलचक निबंधही लिहिला होता आणि तो परदेशात वाचूनही आले होते. इथे कुणाला ते माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं नाही, मीही आज पहिल्यांदा सांगते आहे.

हे सगळं वाचून काम सोपं होतं असं वाटेल. नव्हतं. दोन दोन वर्षं एका मुलामागे घालवायची आणि तो एके दिवशी फोन उचलायचा बंद व्हायचा. कधी आईबापच म्हणायचे, आता बस झालं, शेजारी बोलतात. मोबाइलवर रोज नवी चित्रफीत यायची. एक खोटी आहे हे सिद्ध करेपर्यंत दुसरी दहा गावांत पोचलेली असायची. शेवटच्या वर्षी भाई खुर्चीत नुसते बसून राहायचे. एकदा म्हणाले, "ताई, मी थकी गऊ."

"मग बसा थोडं."

"बठेलच शे ना," खुर्चीच्या हातावर थाप मारत ते म्हणाले, आणि आम्ही दोघेही हसलो. त्या खोलीतलं ते आमचं शेवटचं हसणं असावं. नक्की आठवत नाही…

भाईंची एक गोष्ट जिल्ह्यात सगळ्यांना खटकायची. ते सत्कार घेत नसत. शाल-श्रीफळ दिसलं की उठून जात. लोक म्हणत, शिष्टपणा आहे. तसं नव्हतं.

केंद्राच्या सुरुवातीच्या दिवसांतला एक मुलगा पूर्ण बाहेर आला होता. कामाला लागला, सोयरीक जमली. भाईंना इतका आनंद झाला होता की तालुक्याच्या एका कार्यक्रमात त्याचा सत्कार करू या म्हटल्यावर ते लगेच हो म्हणाले. आपल्याकडे कौतुक करायची दुसरी रीत कुठे आहे? स्टेजवर बोलावलं, शाल घातली, नारळ दिला, पाहुण्यांनी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, खाली "भरकटलेला तरुण मुख्य प्रवाहात". तोपर्यंत त्याच्या गावात निम्म्यांना ठाऊकच नव्हतं की तो भरकटला होता. मुलीकडच्यांनी सोयरीक मोडली. जुन्या सोबत्यांनी दारात येऊन गद्दार म्हणून शिव्या दिल्या. शाल घेऊन घरी आलेल्या मुलाशी गावात कुणी बोलेना. तो गुजरातेत मजुरीला निघून गेला आणि तिथे तसल्याच लोकांना जाऊन मिळाला. पुढे एका दुकानाला आग लावताना पकडला गेला. आत रखवालदार झोपला होता. वाचला, पण हात गेले त्याचे.

भाई भेटीच्या दिवशी नंदुरबारहून रेल्वेने गुजरातेतल्या त्या तुरुंगात जायचे. मुलाने भेटायला नकार दिला तरी जात राहिले. बाहेर बाकावर बसायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत. मी एकदा चिडून म्हटलं, "काय उपयोग?" ते पुढच्या भेटीलाही गेले. नंतर सत्काराचं निमंत्रण घेऊन कुणी आलं की तेच एक वाक्य बोलायचे, "मन्हा सत्कार म्हंजे त्यासना पत्ता." माझा सत्कार करायचा म्हटला की कुणाला वाचवलं ते सांगावं लागणार, आणि सांगितलं की तो मुलगा उघडा पडणार. तेव्हापासून केंद्रात फोटो नाही, नाव नाही, यशोगाथा नाही. देणगीदार नाराज झाले, काही सोडून गेले.

आता राजू. हे त्याचं नाव नाही. राजू कुठल्याही घरात असतो, म्हणून निवडलं. त्याचं गाव, धंदा, घरची माणसं, सगळं बदललेलं आहे. कुणाला ओळखीचं वाटलं तर ते चुकीचं आहे असं समजावं. त्याच्या खोलीत पेट्रोलच्या बाटल्या त्याच्या बापालाच सापडल्या होत्या, आणि बाप रडत भाईंकडे आला होता. त्यानंतर भाईंनी त्याला जिल्हाभर लग्नांतून फिरवला. आज तो म्हसावदला, म्हसावदच म्हणू या, ठिबकच्या दुकानात काम करतो. दर गुरुवारी दुकान बंद करून भाईंकडे यायचा. बोलायचे काय ते देव जाणे, मी हिशेबाची कामं उरकत असायचे. बहुतेक वेळा दोघं बॅटरीवरच्या फवारणी पंपाबद्दल बोलत.

भाई गेल्यावर नंदुरबारच्या एका सभागृहात शोकसभा ठरली. बोलावणारे भाईंचे जुने सहकारी, निवृत्त मुख्याध्यापक आबासाहेब. माणूस सज्जन. मला फोन करून म्हणाले, "ताई, भाईंनी वाचवलेला एखादा मुलगा दोन शब्द बोलला तर सभेला अर्थ येईल." मी नाही म्हटलं. का ते सांगितलं. त्यांनी "बरं, बरं" केलं. पण सभेत चार भाषणं झाल्यावर त्यांनाच भरून आलं आणि माइकवर म्हणाले, "भाईंनी ज्यांना वाट दाखवली असं कुणी या सभागृहात असेल, तर त्याने निःसंकोच पुढे यावं. समाजाला कळू द्या." मी मागे वळून पाहिलं. तिसऱ्या रांगेत राजू उभा राहिला होता. पुढे दोन वार्ताहर मोबाइल धरून बसलेले.

मी जागेवरून उठले आणि मोठ्याने म्हटलं, "ए, तू चहावाला ना? चहा कमी पडतोय, चल खाली." दंडाला धरून त्याला दाराबाहेर काढला. लोकांना वाटलं, बाईला सभेची काही लाज नाही. वाटू दे.

जिन्यात त्याने हात सोडवून घेतला. "ताई, तुमले मन्ही लाज वाटस का?"

"लाजेचा प्रश्न नाही. तिथे फोटो काढणारे होते."

"भाईनी मन्हाकरता एवढं करं, आनि मी चूप बसू? चोरना मायक?"

"हो. चोरासारखा तर चोरासारखा, चूप बस. भाईंनी हेच सांगितलं असतं."

तो दोन पायऱ्या उतरला. मग शांतपणे म्हणाला, "त्या लोके तरी मन्हं नाव चार लोकेसमा लेतस, ताई."

आणि निघून गेला.

मी इतकी वर्षं या कामात आहे, भाईंची टिपणं वाचली आहेत, मुलं तिकडे का ओढली जातात याच्यावर मी स्वतः शिक्षकांपुढे बोलते. त्या लोकांत चारचौघांसमोर नाव घेतलं जातं, जागा मिळते, कुणीतरी छाती ठोकून आपलं म्हणतं. हे सगळं मला पाठ आहे. पण आम्ही वाचवण्यासाठी मुलाला लपवतो, आणि लपवलेल्या मुलाला आपण लपवण्यासारखे आहोत असं वाटत राहतं, हे कुठल्या टिपणात नव्हतं, ते त्या जिन्यात कळलं. भाईंना तरी यावर उत्तर सुचलं असतं का? मला शंका आहे. दर गुरुवारचं बसणं हेच त्यांचं उत्तर असेल, तर ते आता संपलं. सभेनंतर राजूचा फोन बंद लागतो. त्याचा बाप सांगतो, जुन्या दोघा सोबत्यांची मोटरसायकल दुकानासमोर दोनदा दिसली. भाईंना जाऊन महिनाही झालेला नाही.

मिरच्या संपल्या. हाताची आग होते आहे. आज इथेच थांबते.

६ फेब्रुवारी. काल लेख संपला असं वाटलं होतं, पण आज सकाळचं लिहायला हवं.

पहिल्या एसटीने म्हसावदला गेले. राजू शटर उघडून पाइपांची भेंडोळी बाहेर लावत होता. मला बघून त्याने मान फिरवली. मी म्हटलं, "बंद कर ते. भाईंच्या दारावर जायचंय. तू अजून गेला नाहीस."

आमच्याकडे माणूस गेला की लोक दारावर जातात. तेरावं होऊन गेलं तरी लांबची माणसं येत राहतात. पुरुष ओट्यावर बसतात, बायका आत जातात. भाषण नसतं, माइक नसतो. भाईंना अग्नी दिला त्या दिवशी राजू आला नव्हता, आणि नंतरही आला नाही. का, ते त्याच्या पुढच्या प्रश्नावरून कळलं.

"कोन म्हनीसन येऊ मी?"

"कोण म्हणून आलास, ते दारावर येणाऱ्याला कुणी विचारत नाही. चल, नऊची गाडी जाईल."

मालकाला त्याने काय सांगितलं माहीत नाही. गाडीत तो खिडकीशी बसला, मी माझी पिशवी मांडीवर घेऊन पलीकडे. भाईंच्या दारात पाच-सहा गाड्या लागलेल्या होत्या, ओटा भरून माणसं. मी सरळ आत गेले. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्याजवळ बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. माझा हात अजून तिखटाचा होता, हे नंतर लक्षात आलं. कान मात्र ओट्याकडे.

बाहेर एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "सरक रे, बठू दे त्याले." सतरंजी सरकल्याचा आवाज झाला. मग तोच आवाज, "कोना पोऱ्या रे तू? कोनता गावना?"

मग राजूने आपलं नाव सांगितलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट, गावासकट, नीट ऐकू जाईल असं.

कुणी पुढे काही विचारलं नाही. पाण्याचा तांब्या फिरला.

ते नाव मी इथे लिहीत नाही.